छायाचित्रापलीकडच्या रोझलिंडबाई

रोझलिंड फ्रँकलिन हे नाव निघाले की जाणकारांना दोन गोष्टी आठवतात : एक छायाचित्र आणि एक अन्याय. छायाचित्र डीएनएचे. अन्याय असा, की त्या छायाचित्राच्या आधाराने इतरांनी कीर्ती मिळवली आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत ते निघाले त्या बाई मागे राहिल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु लंडनमधील विल्सडेनच्या ज्यू दफनभूमीत बाईंचे थडगे आहे, त्यावरील मजकुरात डीएनएचा उल्लेखच नाही! त्या शास्त्रज्ञ होत्या आणि विषाणूंवरील त्यांच्या संशोधनाने मानवजातीचे कायमचे हित झाले, एवढेच तेथे कोरलेले आहे. जवळच्या माणसांना जे काम दगडावर कोरून ठेवावेसे वाटले, तेच आज आपल्याला माहीत नाही, हा केवढा विरोधाभास!

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्र विषय दहावीला सुटला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे घरात शास्त्र समजावून सांगणारेही कोणी नाही. मग हा उद्योग मी का करावा? याचे कारण असे की, ज्याचे श्रम त्याचे नाव, हा साधा हिशेब जगात सहसा जुळत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तो जुळला नाही तर माणसाने पुढे काय करावे, हा प्रश्न मला पडतो. रोझलिंडबाईंच्या चरित्रात मला त्याचे एक उत्तर सापडले. ते आपल्यासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील एलिस फ्रँकलिन बँकेच्या व्यवसायात होते. त्यांचे आणि माझे घर यांची तुलनाच नको. पण एक गोष्ट मला भावली. लंडनमध्ये कामगारांसाठी चालवलेल्या एका महाविद्यालयात हे गृहस्थ संध्याकाळी जाऊन शिकवीत. दिवसभर राबून रात्री शिकायला येणाऱ्यांना ते वीज आणि चुंबकत्व समजावून सांगत. हिटलरच्या छळामुळे परागंदा झालेल्या ज्यू मुलांपैकी दोघांना या कुटुंबाने स्वतःच्या घरी ठेवून घेतले. १९३८ मध्ये रोझलिंडला शाळेकडून उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ती रक्कम एखाद्या गरजू निर्वासित विद्यार्थ्याला द्यावी, असे वडिलांनी सुचवले. असे हे घर!

सेंट पॉल्स ही मुलींची शाळा. मुलींना भौतिकी आणि रसायन नीट शिकवणाऱ्या त्या काळच्या थोड्या शाळांपैकी ती एक. तेथून रोझलिंड १९३८ मध्ये केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गेली आणि १९४१ मध्ये तिने अंतिम परीक्षा दिली. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ मुलींची परीक्षा घेई, पण पूर्ण पदवी देत नसे. तो हक्क स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाला. शिकायचे सगळे, पण विद्यापीठाच्या पटावर बरोबरीचे स्थान नाही!

युद्ध सुरू होते. १९४२ मध्ये रोझलिंडबाई (आता त्यांना बाई म्हटले पाहिजे) कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाल्या. कोळसा म्हणजे काळा दगड; त्यात पाहायचे ते काय? बाईंनी त्यातील सूक्ष्म छिद्रे मोजली. कोणत्या कोळशातून कोणत्या आकाराचे रेणू आत शिरतात आणि कोणते बाहेर अडतात, याचा अभ्यास केला. त्याच कामावर १९४५ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. १९४७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. तेथील सरकारी प्रयोगशाळेत झाक मेरिंग यांच्या हाताखाली त्या क्ष-किरणांचे तंत्र शिकल्या.

हे तंत्र थोडे समजून घेऊ. एखादी वस्तू इतकी लहान असते की कोणत्याही भिंगातून ती दिसत नाही. तिच्यावर क्ष-किरण सोडले तर ते आतील अणूंवर आदळून ठराविक दिशांना पांगतात आणि मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून गणिताने आतील रचना ओळखायची. पावलांच्या ठशांवरून वाटेने कोण गेले हे ओळखावे, तसाच प्रकार. सुबक स्फटिकांवर हे करणे तुलनेने सोपे. कोळशासारख्या ओबडधोबड पदार्थावर ते करून बाईंनी हात बसवला होता.

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. येथून ती सुप्रसिद्ध कथा सुरू होते.

आनुवंशिक गुण पेशीतील डीएनए नावाच्या पदार्थातून उतरतात, हे ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये जीवाणूंवरील प्रयोगांतून दाखवले होते. पण त्याची रचना कशी, हे कोणालाच कळले नव्हते. किंग्ज कॉलेजात मॉरिस विल्किन्स हे काम आधीपासून करीत होते. विभागप्रमुख जॉन रँडल यांनी बाईंना पत्राने कळवले की डीएनएचे क्ष-किरणांचे काम तुमच्याकडे राहील. विल्किन्सना मात्र हे सांगितलेच नाही! त्यांना वाटले, आपल्याला मदतनीस मिळाली. बाईंना वाटले, काम आपले आहे. एका पत्राने दोन भल्या माणसांत कायमची अढी पडली. त्यात कॉलेजातील एक भोजनकक्ष फक्त पुरुषांसाठी राखीव. जेवताना ज्या सहज गप्पा होतात आणि त्या गप्पांतून जे गैरसमज मिटतात, ती वाटही बंद.

तरी काम थांबले नाही. रेमंड गॉसलिंग हा संशोधक विद्यार्थी त्यांच्या मदतीला होता. स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी तयार केलेले उत्तम डीएनए हाताशी होते. त्याचे अतिशय बारीक धागे ओढून बाईंनी भोवतालच्या हवेतील दमटपणा काटेकोरपणे कमीजास्त केला. तेव्हा उलगडले की डीएनएची दोन रूपे आहेत : कोरडेपणात आखूड आणि दमट हवेत लांब. त्याआधीच्या छायाचित्रांत ही दोन्ही रूपे मिसळली जात, म्हणून ती धूसर येत. मे १९५२ मध्ये दमट रूपाचे छायाचित्र गॉसलिंग यांनी बाईंच्या देखरेखीखाली घेतले. त्याचा क्रमांक ५१. साठ तासांहून अधिक काळ क्ष-किरण सोडल्यावर फिल्मवर ठिपक्यांची स्वच्छ फुली उमटली. अशी फुली मळसूत्री रचनेची खूण असते.

पुढचे थोडक्यात सांगते. जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी ते छायाचित्र केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांना दाखवले. गॉसलिंग तेव्हा पुन्हा विल्किन्सच्या हाताखाली जात असल्याने छायाचित्र त्यांच्याकडे असणे गैर नव्हते; पण बाईंना विचारले गेले नाही. फेब्रुवारीत किंग्ज कॉलेजचा एक अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती आला. त्यात बाईंची मापे होती. त्यांवरून क्रिक यांनी ताडले की डीएनएच्या दोन साखळ्या परस्परांच्या उलट दिशांनी जातात. बाई स्वतःही उत्तराच्या अगदी जवळ होत्या. दोन साखळ्या आणि बाहेरच्या अंगाला फॉस्फेटचा कणा, एवढे त्यांना उमगले होते आणि १७ मार्च १९५३ या तारखेचा त्यांच्या निबंधाचा मसुदाही पुढे सापडला. आतल्या अक्षरांची जोडी कशी जुळते, हे मात्र वॉटसन आणि क्रिक यांनीच जमवले. ते श्रेय त्यांचे आहे आणि ते नाकारणे हाही अन्यायच ठरेल. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात तीन निबंध एकापाठोपाठ छापून आले : पहिला वॉटसन-क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. तिसऱ्या जागेमुळे बाईंचे काम पहिल्या निबंधाला नुसती पुष्टी देणारे वाटले. वास्तविक ते त्याचा पाया होते.

ही रचना म्हणजे दोरीची शिडी पीळ देऊन धरावी तशी. बाजूचे दोन दोर साखर आणि फॉस्फेट यांचे. मधल्या पायऱ्या चार घटकांच्या : अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. ही जणू निसर्गाची चार मुळाक्षरे. अ‍ॅडेनीनची जोडी थायमीनशीच आणि ग्वानीनची सायटोसीनशीच. शिडीची रुंदी एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातील एका भागाइतकी! या अक्षरांच्या क्रमात सजीवाची सारी माहिती साठवलेली असते. माणसाच्या एका संचात अशा सुमारे ३ अब्ज पायऱ्या आहेत. पेशी दुभंगण्यापूर्वी शिडी मधोमध उकलते. प्रत्येक अर्ध्या भागासमोर जोडीची अक्षरे येऊन बसतात आणि एका शिडीच्या दोन होतात. प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध केले.

बहुतेक लेख येथे संपतात. बाई मात्र येथे संपल्या नाहीत. मार्च १९५३ मध्येच त्यांनी किंग्ज कॉलेज सोडले आणि त्या लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे आल्या. जागा टॉरिंग्टन स्क्वेअरमधील एका जुन्या घरात. बसायची खोली माळ्यावर आणि क्ष-किरणांचे यंत्र तळघरात. डीएनएचे काम किंग्ज कॉलेजातच ठेवून यावे लागले होते. दुसरे कोणी असते तर उरलेले आयुष्य तक्रारीत घालवले असते. बाईंनी नवा विषय घेतला : तंबाखूच्या पानावर केवडा रोग आणणारा विषाणू. आमच्याकडे भेंडीची पाने पिवळी पडून जाळीदार होतात, त्यालाही केवडाच म्हणतात. तो पांढऱ्या माशीने पसरतो आणि त्याचा विषाणू निराळा, त्यात डीएनए असते. तंबाखूच्या विषाणूत मात्र डीएनए नसतेच. त्याचा सगळा कारभार आरएनएवर चालतो.

आता हे आरएनए म्हणजे काय? शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला ते सातबाऱ्यावरून समजले. जमिनीची मूळ नोंद सरकारी दप्तरात असते. ते दप्तर कोणी घरी नेत नाही. आपल्याला आपल्या गटापुरता उतारा मिळतो. तो घेऊन सोसायटीत जावे, बँकेत जावे, काम होते. काम झाल्यावर उतारा फाटला तरी दप्तर सुरक्षित असते. आता उतारा संगणकावर निघतो, पण रीत तीच. पेशीत डीएनए हे दप्तर आणि आरएनए हा उतारा. डीएनएच्या हव्या त्या भागावरून आरएनएची एकेरी साखळी तयार होते. तिच्यात थायमीनच्या जागी युरॅसिल असते. ही साखळी केंद्रकातून बाहेर येते. तेथे रायबोसोम नावाचे कारागीर तिच्यातील तीन-तीन अक्षरे वाचतात आणि प्रत्येक तीन अक्षरांना एक याप्रमाणे अ‍ॅमिनो आम्ले जोडत प्रथिन विणतात. चार अक्षरांतून तीन-तीनची ६४ पदे होतात. त्यांतील ६१ पदे २० अ‍ॅमिनो आम्लांची आणि ३ पदे पूर्णविरामाची. पुढे १९६०च्या दशकात हा कोश उलगडणाऱ्यांत एका पटवाऱ्याचा मुलगा होता, हे वाचून मला फार आनंद झाला. ते हरगोविंद खुराना. त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर मिळाले.

विषाणू करतो ती लबाडी अशी. तो स्वतःचा आरएनएचा कागद पानाच्या पेशीत सरकवतो. पेशीतील कारागीर तो आपल्याच दप्तराचा उतारा समजून वाचतात आणि शत्रूची प्रथिने विणत बसतात. १९५६ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की या विषाणूचे प्रथिन काढून टाकले, तरी नुसते आरएनए रोग निर्माण करू शकते. म्हणजे केवळ उताऱ्याचे काम करणारे आरएनए येथे स्वतःच मूळ दप्तर झाले होते.

मग हे दप्तर विषाणूच्या काडीत नेमके कोठे ठेवलेले असते? हा बाईंचा प्रश्न होता. ती काडी मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतकी लांब. १९५४ पासून एरन क्लूग आणि पुढे केनेथ होम्स, जॉन फिंच हे तरुण त्यांच्याबरोबर होते. बाईंनी दाखवले की प्रथिनाचे एकसारखे घटक मळसूत्रासारखे वेढे घेत रचलेले असतात आणि दर तीन वेढ्यांत त्यांची संख्या ४९ भरते. काडीच्या मध्यभागी पोकळ नळी असते. आरएनए त्या पोकळीत असेल असे सहज वाटावे. पण आरएनए असलेल्या आणि नसलेल्या काड्यांची छायाचित्रे ताडून बाईंनी १९५६ मध्ये सिद्ध केले की आरएनएचा धागा पोकळीत नसून प्रथिनाच्या भिंतीतच, वेढ्यांच्या खाचेतून वळत गेलेला असतो. दागिना गाठोड्यात न ठेवता भिंतीत चिणावा, तसा! सुमारे ६,४०० अक्षरांचा हा धागा आणि त्याचे रक्षण करणारे सुमारे २,१३० प्रथिन घटक. प्रत्येक घटकाच्या वाट्याला तीन अक्षरे.

डीएनए साठवण करते, हे सांगणाऱ्या रचनेचा पाया ज्यांनी घातला, त्यांनीच आरएनएही साठवण करते आणि ती कशी जपली जाते, हे दाखवले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडले आणि आपण फक्त पहिल्याची आठवण ठेवतो!

१९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना पोटाचा त्रास सुरू झाला. परतल्यावर निदान झाले, बीजाशयाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही दिवस त्या विश्रांतीसाठी कोणाकडे राहिल्या असतील? फ्रान्सिस क्रिक यांच्या घरी! ज्या क्रिकना त्यांच्या मापांचा उपयोग झाला होता, त्यांच्याशी आणि त्यांच्या पत्नीशी बाईंचा स्नेह जमला होता. आपल्या मापांचा किती उपयोग केला गेला, याची पूर्ण कल्पना त्यांना हयातीत आली नाही, असे त्यांचे चरित्रकार मानतात. आजारपणातही त्यांनी काम सोडले नाही. उलट १९५७ मध्ये पोलिओचा विषाणू अभ्यासाला घेतला. मृत्युपत्रात त्यांनी क्लूग यांना ३,००० पौंड आणि आपली मोटार ठेवली. तरुण सहकाऱ्याला संसारात हातभार लागावा, हाच हेतू असणार.

१६ एप्रिल १९५८ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन उघडले. त्यासाठी त्यांनी तंबाखूच्या विषाणूची माणसाच्या उंचीची प्रतिकृती करवून घेतली होती. ती प्रदर्शनात उभी राहिली. बाई राहिल्या नव्हत्या. पोलिओच्या विषाणूची रचना फिंच आणि क्लूग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तो निबंध त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. १९६८ मध्ये वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ हे पुस्तक आले. त्यातील बाईंचे चित्रण उपरोधाने रंगवलेले होते. त्याला उत्तर म्हणून बाईंच्या मैत्रीण अ‍ॅन सेयर यांनी १९७५ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. १९८२ मध्ये क्लूग यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या कामाची वाट बर्कबेकच्या त्या जुन्या घरापासून निघाली होती. २०२३ मध्ये दोन इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे तपासून ‘नेचर’मध्येच मांडले की डीएनएच्या शोधात बाई लुबाडली गेलेली व्यक्ती नव्हे, तर चौघांपैकी एक बरोबरीच्या संशोधक होत्या.

आणि आरएनए? २०२० साली आरटीपीसीआर हा शब्द आमच्या गावातील म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी बसला. त्या तपासणीत करोनाच्या आरएनएवरून आधी डीएनए तयार करतात आणि मग त्याच्या असंख्य प्रती काढतात. म्हणजे उताऱ्यावरून पुन्हा दप्तर! त्याच वर्षी आरएनएच्या लसी परदेशात आल्या आणि पुण्यात तयार झालेल्या अशाच एका लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. विषाणूच्या अंगात आरएनए कसे ठेवलेले असते, हे प्रथम स्वच्छ पाहणाऱ्यांत जी व्यक्ती होती, तिचे नाव त्या दिवसांत कोणी घेतलेले मी ऐकले नाही.

आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आहे. आईचे नाही. खुरपणी तिची, वेचणी तिची, जनावरांचा चारा-पाणी तिचा. मी मोठी होऊ लागले तसा मला याचा राग येऊ लागला आणि तो राग आजही रास्तच वाटतो. आईचे नाव लागावे म्हणून अर्ज करायचा, हे मी ठरवले आहे आणि वडीलही तयार आहेत. परंतु आईची ओळख करून देताना, जिचे नाव सातबाऱ्यावर नाही ती बाई, एवढेच मी सांगितले तर तिला ते आवडणार नाही. कोणते बी कोणत्या रानात उतरते, कोणत्या वाफ्याला पाणी कमी लागते, हे तिला जे ठाऊक आहे, ते सांगितल्याशिवाय तिची ओळख पुरी होत नाही.

रोझलिंडबाईंचेही तसेच आहे. त्यांच्यावर झालेला पहिला अन्याय श्रेयाचा. आपण त्यांना केवळ त्या अन्यायापुरते लक्षात ठेवले, तर तो दुसरा अन्याय होईल आणि तो करणारे आपणच असू. हातचे काम सुटले तेव्हा त्यांनी तळघरातील यंत्राजवळ दुसरे काम उभे केले. ते पहिल्याइतकेच मोठे निघाले. नावाचा हिशेब अवश्य मागावा. पण तो मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नयेत, हे मी त्यांच्याकडून घेतले आहे.